भिंतीपलीकडचा नळ

सुमतीच्या घरात नळ आला तो दिवस मंदाकिनीला स्वतःच्या लग्नतिथीपेक्षा पक्का ठाऊक होता. आमच्या विहीरआळीत त्या दोघींची घरं एकमेकांना चिकटून, मधे एकच विटेची भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना दोघींच्या मोऱ्या. त्या सकाळी मंदाकिनी चौकातल्या नळावर रांगेत ताटकळून, एक कळशी कमरेवर आणि एक हातात अशी घरी आली, तर भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज. तांब्याने ओतल्याचा नव्हे, बादलीत धार पडल्याचा. बादली भरली, वाहू लागली, तरी धार थांबेना. मंदाकिनी कळशी न उतरवता ऐकत उभी राहिली.

“मुद्दाम वाहू देतेय,” ती नवऱ्याला म्हणाली. “मला ऐकू यावं म्हणून.”

त्र्यंबकमास्तर दाढी करत होते. “अगं, नवीन नळ आहे. चावी घट्ट असेल.”

“तुम्हाला सगळ्यांच्या चाव्या घट्टच वाटतात,” असं म्हणून तिने कळशी अशी आदळली की अर्धं पाणी मोरीतच गेलं, आणि तिला पुन्हा चौकात जावं लागलं.

आमचं नांदपाडं कल्याण आणि डोंबिवलीच्या मधलं. तेव्हा ते ना धड खेडं होतं, ना धड शहर. मुंबईत जागा मिळेना म्हणून आलेली नोकरदार बिऱ्हाडं आमच्या आळीत, मूळचे शेतकरी गावठाणात, आणि खाडीच्या अंगाला मिठागरांवर राबणाऱ्यांचा खारपाडा. स्वराज्य आल्यावर पंचायतीने मोठ्या विहिरीवर पंप बसवला, टाकी बांधली, चौकांत नळ दिले. ठरावही केला, की सगळ्या वस्त्यांत सार्वजनिक नळ होईपर्यंत कुणाच्याही घरात नळ द्यायचा नाही. खारपाड्यात तर अजून एकही नव्हता. तरी सरपंच महिपतरावांनी सुमतीच्या मोरीत नळ दिला. कारण शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सुमतीचे यजमान आनंदराव ठाण्याला एका कारखान्यात हेडक्लार्क होते, आणि महिपतरावांचा भाचा नुकताच त्याच कारखान्यात चिकटला होता.

सुमती वाईट होती असं मी म्हणणार नाही. हसरी होती, हात सढळ होता. पण ती आणि मंदाकिनी एकाच वर्षी आळीत नव्या नवऱ्या म्हणून आल्या, आणि तेव्हापासून मंदाकिनीचं गणित एकच. सुमतीकडे शिवणाचं मशीन आलं. सुमतीकडे रेडिओ आला. आनंदराव दर शनिवारी सुमतीला गजरा आणतात. मंदाकिनीला काही कमी होतं अशातला भाग नाही. पण आपल्याकडे काय आहे हे सुमतीकडे बघितल्याशिवाय तिला कळतच नसे. मशीनचं तिने गिळलं, रेडिओचं गिळलं. नळाचं मात्र घशात अडकलं, कारण तो रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीपलीकडून बोलायचा.

आम्ही बाकीच्या बायका काही साधुसंत नव्हतो. चौकातल्या रांगेत महिनाभर दुसरा विषय नव्हता. “यालाच म्हणायचं का स्वराज्य?” “जाब विचारायला हवा एकेकाला.” “जनतेच्या पैशातले पाईप आणि यांच्या मोरीत पाणी!” संध्याकाळी पुरुष गाडीतून उतरून आले की ओट्यांवर तेच, फक्त जरा पुस्तकी भाषेत. लोकशाही म्हणत, वशिलेबाजी म्हणत, कारभार कसा आरशासारखा स्वच्छ हवा ते सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, या आळीला सुधारणेची केवढी तहान लागली आहे. तहान खरी होती, पण ती कसली ते मला तेव्हाही कळत होतं. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच पितळी तोटी होती.

त्र्यंबकमास्तर कल्याणच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. हा एकच असा माणूस होता की जो ओट्यावर बोलायचा तेच घरात बोलायचा, आणि वर्गात बोलायचा तेही तेच. मंदाकिनीने त्यांना बरोबर ओळखलं होतं. नळाचं नाव काढलं असतं तर मास्तर हलले नसते. म्हणून तिने नळाचं नाव टाकलं.

“मुलांना शिकवता, नागरिकाचं कर्तव्य काय म्हणून,” ती जेवायला वाढताना म्हणाली. “आणि गावात अन्याय दिसला की वर्तमानपत्रात तोंड घालून बसता. मुलांनी काय घ्यायचं यातून?”

मास्तरांचा घास हातातच राहिला. “म्हणजे मी काय करू?”

“उभे राहा.”

“मी? महिपतरावांच्या समोर?”

“का? गावात सचोटीचा माणूस दुसरा आहे कोण?” ती म्हणाली, आणि हे मात्र तिने मनापासून म्हटलं.

मास्तर उभे राहिले. सगळी आळी मागे लागली. मंदाकिनीने तर पदर खोचून घर न घर पालथं घातलं. मारुतीच्या देवळात सभा झाली तेव्हा ती बायकांच्या बाजूने उठून बोलली. “ज्याचं माप त्याच्या पदरात पडलं पाहिजे, एकाला चोरून आणि दुसऱ्याला रांगेत, हे चालायचं नाही,” असं ती म्हणाली तेव्हा टाळ्या पडल्या. सुमती तिसऱ्या ओळीत मान खाली घालून बसली होती. मंदाकिनीची नजर तिच्यावरून हलली नाही.

मतं पेट्यांत टाकायची. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळ्या रंगाची, मास्तरांची पिवळी आणि महिपतरावांची हिरवी. पिवळी पेटी भरून वाहिली. मास्तर निवडून आले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सभासदांनी त्यांनाच सरपंच केलं.

पहिल्याच आठवड्यात सुमतीचा नळ तोडला. गणू नळवाला पाईप कापून खांद्यावर टाकून निघाला तेव्हा मंदाकिनी दारात उभी होती. त्या दिवशी तिने शिरा केला, केळं घालून, आणि आळीत वाटला. सुमतीच्या घरीही पाठवला. सुमतीने वाटी धुऊन, साखर घालून परत केली, तेव्हा मंदाकिनीला जरा चुटपूट लागली, कारण रागाने वाटी फेकली असती तर बरं वाटलं असतं.

मग ती वाट पाहू लागली. आठवडा गेला, महिना गेला. शेवटी तिनेच विचारलं, “आपला नळ कधी?”

“कुठला आपला?” मास्तर म्हणाले.

“आपल्या मोरीतला.”

मास्तर खो खो हसले. त्यांना वाटलं ती थट्टा करते आहे. “अगं, ठराव आहे ना! आधी सगळ्या वस्त्या. खारपाड्याच्या बायका खाडी ओलांडून पाणी आणतात, माहीत आहे ना? पाईप आधी तिकडे जाईल. लांब आहे, वेळ लागेल.”

“सरपंचाच्या घरी नळ नाही, हे शोभतं का?”

“सरपंचाच्या घरी असला तर शोभणार नाही,” मास्तर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढच्या रविवारी त्यांनी ते देवळातही म्हणून दाखवलं.

देवळाचं सांगायला हवं. मास्तरांनी प्रथा पाडली, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांनी देवळाच्या मंडपात बसायचं, महिन्याभरात पंचायतीने काय केलं ते सांगायचं, आणि ज्याला जे विचारायचं, मागायचं असेल ते त्याने सगळ्यांसमोर तिथेच मागायचं. घरी येऊन मागायचं नाही. पहिल्या रविवारी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. “याला म्हणतात कारभार!” असं म्हणून पुरुषांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. दुसऱ्या रविवारी कमी आले. कारण आता मागण्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या मंडपात बोलण्याजोग्या नव्हत्या.

एकाला ओटा रस्त्यावर दोन हात पुढे घ्यायचा होता. एकाला मेहुण्याला पंचायतीत शिपाई म्हणून लावायचं होतं. एकाला शेजाऱ्याच्या शेवग्याचं झाड धोकादायक ठरवून हवं होतं. ही सगळी मंडळी मास्तरांच्या मागच्या दाराने येत, मोरीपाशी उभी राहत आणि हळू आवाजात बोलत. मास्तर सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “रविवारी देवळात मांडा. सगळ्यांना पटलं तर लगेच करू.” आलेला माणूस चपला घालून निघून जाई, आणि रविवारी फिरकत नसे. वर्षभरात मंडपात मास्तर, पुजारी आणि दोन-चार म्हातारे उरले. मास्तर त्यांनाही पहिल्या रविवारच्याच आवाजात सगळं सांगत.

“आपला माणूस असून उपयोग काय?” आळी म्हणू लागली. आधी कुजबुजत, मग नळाच्या रांगेत उघड. मंदाकिनी त्याच रांगेत असायची. आता सुमतीही असायची, आणि मंदाकिनीचं दुर्दैव असं की रांगेत परत येताच सुमती रांगेची लाडकी झाली. नळ होता तोवर ती घरात असायची, आता पुन्हा चार बायकांत आली. तिला गोष्टी सांगता येत, नकला करता येत. तिची पाळी आली तरी बायका म्हणत, “थांब गं, संपव आधी ती गोष्ट.” मंदाकिनीकडे सगळ्यांची पाठ. तिने ज्या बाईला खाली ओढून रांगेत उभी केली, तिने रांगच काबीज केली होती.

तिसऱ्या वर्षी खारपाड्यात नळ पोचला. मास्तर त्या दिवशी चिखलात गुडघ्यापर्यंत भरून घरी आले, आणि लहान मुलासारखे आनंदात होते. दोन दिवसांनी खारपाड्याची ठमाबाई डोक्यावर पाटी घेऊन दारात आली. पाटीत वांगी, पडवळ, वालाच्या शेंगा.

“मास्तरीनबाय, तुमचे घरवाल्यान आमचे पार्‍यान पानी आनला,” ती उंबऱ्याबाहेर टेकत म्हणाली. “माजे झोपरीचे म्होरंच नल हाय. उठला का भरला. आता तुमाला काय, तुमचे घरान पयलाच आसल!”

मंदाकिनीने वांगी घेतली आणि चहा दिला. ठमाबाई गेल्यावर तिने ती वांगी अशी चिरली की देठसुद्धा उरले नाहीत. सुमतीचा हेवा करायची तिला सवय होती, त्यात एक बरोबरी तरी होती. ठमाबाईचा हेवा करायची पाळी यावी हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. खारपाड्याच्या बाईच्या दारासमोर नळ, आणि सरपंचाची बायको कमरेवर कळशी घेऊन रांगेत.

निवडणूक पुन्हा जवळ आली. महिपतराव पुन्हा उभे राहिले. त्यांनी सभा घेतली नाही, भाषण केलं नाही. ते फक्त लोकांच्या मागच्या दारांनी जाऊन आले.

आळीत मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी मास्तरच. “मास्तरांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही.” “हिरवी पेटी? हात झडतील आमचे!” मास्तरांना हे सगळं खरं वाटत होतं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ते मंदाकिनीला म्हणाले, “आता सगळ्या वस्त्या झाल्या. ठराव पुरा झाला. या खेपेला घरोघरी नळ.”

मंदाकिनीच्या हातातली वात तशीच राहिली. “खरंच?”

“अगदी खरं.”

“मग पहिला आपला?”

“ते कसं सांगू? देवळात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव आधी निघेल त्याला आधी. कुणाला बोलायला जागाच नको.”

“आणि सुमतीचं आधी निघालं तर?”

“तर तिला आधी,” मास्तर म्हणाले. “तिनेही तीन वर्षं पाणी वाहिलंय की.”

मंदाकिनीला डोळ्यांपुढे ती चिठ्ठी दिसली. पुजारी ती उलगडतोय, सुमतीचं नाव वाचतोय, सुमती लाजून हसतेय आणि सगळ्या बायका टाळ्या पिटताहेत. आणि टाळ्या पिटणाऱ्यांत सरपंचाची बायको म्हणून आपल्यालाही हात वर करावे लागताहेत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात धोतराचा पडदा लावून मतदान झालं. पडद्यामागे दोनच पेट्या, बाकावर शेजारी शेजारी. मंदाकिनी पडद्याआड गेली आणि कागद हातात धरून उभी राहिली. पिवळ्या पेटीकडे बघून तिला मास्तर आठवले, चिखलाने भरलेले, हसणारे. त्यांची दया आली, आणि लगेच त्या दयेचा राग आला. एवढा चांगला माणूस, आणि सगळ्या गावाचा चांगला. आपल्या वाट्याला त्या चांगुलपणातलं चौकातल्या नळाइतकंच, रांगेत उभं राहून मिळणारं. तिने कागद हिरव्या पेटीत टाकला. मला हे कसं कळलं ते पुढे येईलच. आळीत बाकी कोणी कुठे टाकला ते विचारू नये. मलाही विचारू नका.

मास्तर हरले. थोडेथोडके नाही, साफ हरले. पिवळ्या पेटीत जी काही मतं निघाली ती बहुतेक खारपाड्याचीच असावीत. संध्याकाळी आळीतले सगळे भेटायला आले, प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली, आणि प्रत्येकाने दुसऱ्या कोणाला तरी शिव्या घातल्या. मास्तर सगळ्यांना चहा घ्या म्हणत होते. मंडळी गेल्यावर ते आरामखुर्चीत बसून राहिले.

“काय गंमत आहे बघ,” ते म्हणाले. “इथे एकजण असा भेटला नाही की ज्याने मला मत दिलं नाही. या सगळ्यांतून खरं बोलणारं माझ्याकडे एकच माणूस आहे. तू आहेस म्हणून ठीक आहे, मंदा.”

मंदाकिनी मोरीत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

सुमतीचा नळ चार दिवसांत परत आला. भिंतीपलीकडून पुन्हा धार ऐकू येऊ लागली. पुढे आळीत एकेक घर महिपतरावांकडे जाऊन आलं आणि एकेका घराला शब्द मिळाला. मास्तरांच्या घराला अर्थातच नाही. विरोधात उभं राहिलेल्या माणसाच्या घरी नळ देईल कोण? आणि मास्तर मागायला जाणार थोडेच! हिरव्या पेटीत मत टाकूनही मंदाकिनीला त्याचा काही उपयोग होईना. मत गुप्त असतं. ज्याच्यासाठी नवऱ्याकडे पाठ फिरवली त्याला ते सांगायचं कसं? आणि सांगितलं नाही तर सगळ्या आळीत नळ नसलेलं घर एकच राहणार, तिचं.

चैत्र आला. महिपतरावांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी असायचं, पण त्या वर्षी आळीतली एकही बाई चुकली नाही. मीही गेले होते. गौर झोपाळ्यावर बसवलेली, पुढे कलिंगडं, कैऱ्या, करंज्या. महिपतरावांच्या पत्नी रतनबाई पन्हं देत होत्या, आणि पेला घेता घेता प्रत्येक बाई त्यांच्या कानाशी लागत होती. “वहिनी, आमच्या घरची सगळी मतं तुमच्याच पेटीत बरं का. आमच्या नळाचं तेवढं बघा.” रतनबाई सगळ्यांना सारखंच हसून म्हणत, “सांगते हो.”

मंदाकिनी आत आली तशी खोली जरा गप्प झाली. कोणीतरी खोडसाळपणे म्हणालं, “मास्तरीणबाई, नाव घ्या.” आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव एरवी उच्चारायचं नाही, अशा वेळी उखाण्यात गुंफून घ्यायचं. मंदाकिनी गौरीकडे बघत म्हणाली,

“चैत्रगौरीपुढे ठेवला पन्ह्याचा पेला,
त्र्यंबकरावांच्या संसारात जन्म सुखाचा गेला.”

बायका हसल्या. सुमती सगळ्यांत मोकळं हसली आणि म्हणाली, “सुखाचा गं, पण पाण्याविना!” ती तशी सहजच म्हणाली असेल. ती गोष्टी सांगताना बोलायची तसंच बोलली. पण सगळी खोली खळखळून हसली, रतनबाईसुद्धा हसल्या, आणि मंदाकिनीचा चेहरा लालबुंद झाला.

“हसू नका,” ती मोठ्याने म्हणाली. “मीसुद्धा हिरव्या पेटीतच टाकलंय. खोटं वाटत असेल तर या गौरीसमोर सांगते. नवरा पिवळ्या पेटीला होता, तरी मी हिरव्या पेटीत टाकलं. तुमच्यापेक्षा माझं मत महाग आहे!”

कोणाच्याही घशाखाली पन्हं उतरेना. बाहेरच्या ओट्यावर महिपतराव पान लावत बसले होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण त्यांचा अडकित्ता थांबला.

महिपतराव राजकारण जाणत होते. आळीतली बाकीची मतं त्यांना मिळाली ती मिळालीच, त्यांत सांगण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांच्या घरातलं मत मात्र गावभर सांगण्यासारखं होतं, पुढच्या निवडणुकीलासुद्धा पुरेल असं. पुढच्या रविवारी सकाळी गणू नळवाला पाईप आणि पाने घेऊन आमच्या आळीत शिरला. सुट्टीचा दिवस, सगळे ओट्यांवर. आता पहिला नवा नळ कोणाकडे म्हणून सगळ्या माना वळल्या. गणू मास्तरांच्या दारात थांबला.

“मास्तर, भोक कुठनं पाडू?”

मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. “कसलं भोक?”

“नळाचं. महिपतरावांनी धाडलंय. म्हणाले, आळीतला पहिला नवा नळ मास्तरीणबाईंचा. त्यांनी आपल्याला मत दिलंय, सगळ्या बायकांच्या देखत सांगितलंय, मग त्यांचा मान आधी.” गणूच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याला जसं सांगितलं तसं तो खणखणीत आवाजात बोलला.

मला वाटलं होतं, आता आळी मंदाकिनीच्या तोंडात शेण घालेल. नवऱ्याशी अशी वागली म्हणून कोणीतरी एक शब्द तरी बोलेल. कोणी नाही बोललं. समोरच्या ओट्यावरून पहिला आवाज आला तो असा, “आमच्या आधी? आम्हाला महिन्यापूर्वीचा शब्द आहे!” मग दुसरा, “विरोधकाच्या घरी पहिला नळ, आणि आम्ही एकनिष्ठ माणसं रांगेत? हा कुठला न्याय?” तिसऱ्याने तर लगेच पायात चपला सरकवल्या आणि महिपतरावांना जाब विचारायला निघाला. सुमती दारात आली होती. तिच्या नळाचं आळीत जे एकटेपण होतं ते आज जाणार होतं. “छान झालं हो मंदा,” ती म्हणाली, पण तिचं हसू ओठांच्या पुढे आलं नाही, आणि ती दार लावून आत गेली. इतकी वर्षं जो चेहरा बघायला मंदाकिनी तरसली होती तो हाच. तिने तो पाहिला, आणि मग तिला मागे उभ्या असलेल्या नवऱ्याची आठवण झाली.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ते मोरीत गेले आणि तिथल्या कळश्या, बंब, बादल्या एकेक करून बाहेर आणून ठेवू लागले, गणूला काम करायला जागा व्हावी म्हणून. मंदाकिनी त्यांच्या मागोमाग गेली. मोरीची खिडकी उघडी होती, आणि आमची खिडकी तिच्या अगदी समोर. सगळं ऐकू येत होतं.

“अहो, काहीतरी बोला.”

“मला एक सांग,” मास्तर म्हणाले. “माझ्या कारभारात कुठे चुकलं?”

“कुठेच नाही.”

“पैसा खाल्ला? कोणाची बाजू घेतली? कोणाला डावललं?”

“नाही म्हटलं ना. तुम्ही सगळ्यांना सारखं दिलंत.” तिचा आवाज फुटला. “मला सगळ्यांसारखं नको होतं हो. तुमच्याकडून तरी नको होतं.”

मास्तरांनी हातातली बादली खाली ठेवली. “तीन वर्षं मी त्या मंडपात बसून विचारत होतो, कोणाला काय हवंय म्हणून,” ते म्हणाले. “हे एवढंच कोणी सांगितलं नाही.”

बाहेरून गणूने हाक मारली, “मास्तर, पाडू ना भोक?”

“पाड,” मास्तर म्हणाले.